एका गावाचे तीन सरपंच

दिल्लीहून विमानात बसतानाच मी ठरवलं होतं, रेमीचं एक जरी खोटं सापडलं तरी हे लग्न मोडायचं. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या मुग्धाने त्याच्याशी लग्न ठरवून आम्हाला फक्त कळवलं होतं. मुलगा खेड्यातला, वडील गावचे 'मेर' (सरपंच). नोएडात आमच्या सेक्टरला लागून असलेल्या खेड्यातही जो भेटतो तो कुठल्या तरी प्रधानाचा, म्हणजे तिकडच्या सरपंचाचा, मुलगा असतो. त्यामुळे मी ऐकून घेतलं, इतकंच.

पहिली शंका वेशीवरच आली. पत्त्यातलं गावाचं नाव एक आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत भलतंच.

"आई, तीन गावं मिळून एक 'कोम्यून' (पंचायत) झालीय. पत्त्यात तिचं नाव असतं," मुग्धा म्हणाली.

"अच्छा," मी म्हटलं आणि पाटीचा फोटो काढून ठेवला.

गाव देखणं होतं, हे कबूल. दगडी घरं, मागे सूर्यफुलांची शेतं. पण भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, हेही मला बरं वाटेना. रेमीच्या आईने प्रेमाने शेळीच्या दुधाचं चीज वाढलं. त्याच्या वासाने माझा जीव घाबरा झाला, म्हणून मी पिशवीतल्या चकल्या काढल्या. भिंतीवर रेमीच्या वडिलांचा फोटो होता, खांद्यावरून मेरचा तिरंगी पट्टा घेतलेला.

"असे फोटो कुणीही काढून घेतं," मी मराठीत म्हटलं. मुग्धाने डोळे वटारले.

संध्याकाळी आम्ही दोघी शेजारच्या गावात पाव आणायला गेलो. हे गावही त्याच कोम्यूनमधलं. दुकानात एका मिशीवाल्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला.

"हे कोण गं?"

"इथले मेर."

सापडलं! एका पंचायतीला दोन सरपंच? पाव तिथेच राहिला आणि मी मुग्धाला ओढत तिसऱ्या गावातल्या 'मेरी'त (पंचायतीच्या कचेरीत) घेऊन गेले. खुर्चीत एक बाई होत्या. त्याही मेर.

"विचार, यांतला खरा कोण?"

"आई, यार, असं नाही विचारत."

"विचार."

बाई ऐकून मनापासून हसल्या. गावं एक झाली, पण आपला सरपंच सोडायला कुणी तयार होईना. म्हणून मुख्य मेर त्या, आणि बाकीच्या दोन गावांत त्यांच्या हाताखाली एकेक मेर. आपापल्या गावातली लग्नं तेच लावतात. मुग्धाचं लग्न रेमीचे वडीलच लावणार होते.

"तारीख ठरली का, विचारतायत," मुग्धा हळूच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी 'ठरव' म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार?

नोएडाला परतल्यावर शेजारच्या देशपांडेवहिनींनी विचारलं, "मुलगा कसा आहे?" मी म्हटलं, "चांगला आहे, बिल्कुल खरा." दार लावलं आणि रडले. तो खोटा निघाला असता, तर मुग्धा माझ्याबरोबर घरी आली असती.