सात घरांत फिरलेलं मशीन

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते ब्लाउजची मापं लिहायला. ही वहीसुद्धा मापांचीच आहे, मागची पानं कोरी होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मशीनची हकिकत मनात ठेवून ठेवून कंटाळा आलाय. चुकून वही कुणाच्या हाती लागलीच, तर ऱ्हस्व-दीर्घ समजून घ्या.

माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वाकायचं नाही. किती दिवस, असं मी हळूच विचारलं. ते म्हणाले, कायमचं. आमचं घर ठाकुर्लीला, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. दार उघडलं की रस्त्यावरची धूळ न विचारता आत येते. ह्यांनी मोठ्या मनाने झाडू हाती घेतला. चार दिवस झाडलं. बाहेरच्या खोलीतली धूळ आतल्या खोलीत नेली आणि आतल्या खोलीतली पलंगाखाली. पाचव्या दिवशी ह्यांनीच कंबर धरली. मग लांब दांड्याचा झाडू आणला. त्याने उभ्याने झाडता येतं, पण गोळा झालेली धूळ सुपडीत भरायला शेवटी वाकावंच लागतं. त्या दांडीवाल्याने एवढा विचार केला नव्हता.

मुलगी ठाण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, बिनवायरीचा व्हॅक्यूम घे. हलका असतो, उभ्याने चालतो. मी पाठवते." पण जावयाच्या पैशाने माझी धूळ काढायची, हे मला बरं वाटेना.

आमचा सातजणींचा बचत गट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहाराच्या ओट्यावर मीटिंग होते. पाच वर्षांत मी तिथे फक्त "हजर" एवढंच बोलले होते. त्या रविवारी म्हणाले, "मला कर्ज पाहिजे." सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"धूळ ओढायच्या मशीनला."

"अगं बाई! झाडायला मशीन?" आमच्या घराशेजारची म्हणाली. "उद्या जेवण चावायला पण आणाल, काकू."

मी खाली बघितलं. पण हिशोब लिहिणारी पोरगी माझ्या बाजूने उभी राहिली. ती कॉलेजला जाते, आईच्या जागी गटात आलीय. म्हणाली, "त्यांना वाकता येत नाही, माहितीय ना?" मग बराच वेळ चर्चा झाली. हळूहळू माझी कंबर मागे पडली आणि मशीन कसं असतं, कितीला पडतं, पंखा पण पुसतं का, हे पुढे आलं. शेवटी अध्यक्षबाईंनी निर्णय दिला. कर्ज मिळेल, हप्ता महिना पाचशे, व्याज वेगळं. पण गटाच्या पैशातून आलेली वस्तू कर्ज फिटेपर्यंत गटाची. सात बायका, आठवड्याचे सात दिवस. रोज एकीच्या घरी. कर्ज फिटलं की मशीन माझं.

म्हणजे फेडायचं मी एकटीने आणि झाडायचं सगळ्यांनी. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण "हजर"च्या पुढचं एक वाक्य मी त्या दिवशी बोलून बसले होते, दुसरं उरलं नव्हतं.

मशीन निवडायला आम्ही सातजणी दोन रिक्षा करून डोंबिवलीला गेलो. दुकानातल्या पोराने आधी विचारलं, "मॅडम, घरात पेट्स आहेत का?"

"पाल आहे," शेजारची म्हणाली.

त्याने एक गालिचा पसरला, त्यावर मूठभर पोहे टाकले आणि ओढून दाखवले. आमच्यापैकी एकीच्याही घरी गालिचा नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पोहे आम्ही खातो. फरशीवरची माती ओढून दाखव." दुकानात माती मिळेना. मग एकीने चप्पल आपटून थोडी काढून दिली.

एक मशीन फार मोठं होतं, एक फार आवाज करत होतं. तिसरं मला आवडलं. दांडी लांब, ब्रश सपाट, पलंगाखाली न वाकता जाणारा. पोरगा म्हणाला, "एकदम लाइट, फक्त दीड किलो." मला तेवढं पुरे होतं. पण आमच्यातल्या एकीचा भाजीचा धंदा आहे. ती तोंडी वजनावर विश्वास ठेवत नाही. ती मशीन उचलून समोरच्या कांदेवाल्याच्या काट्यावर ठेवायला निघाली, तसा पोरगा मागे धावला. "मावशी, अहो मावशी! दीड किलो म्हणजे दांडी आणि ब्रश सोडून!"

"मग दांडी घरी ठेवून झाडायचं का रे?" ती म्हणाली. काट्यावर अडीच किलो भरलं. ती दुकानात परत येऊन म्हणाली, "एक किलोचे पैसे कमी कर." वजन जास्त निघालं म्हणून पैसे कमी मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार. पण पाचशे कमी झाले खरे. साडेआठ हजार पडले.

पहिला मान अध्यक्षबाईंचा. सोमवारी सगळ्या त्यांच्या घरी बघायला जमलो. त्यांचं घर म्हणजे आरसा. त्यांनी ऐटीत बटण दाबलं आणि सोफ्याखाली ब्रश घातला. आता या मशीनला एक काचेसारखा आरपार दिसणारा डबा असतो. त्यात धूळ गोल गोल फिरताना दिसते. तर त्या डब्यात केस आले, बिस्किटाचा चुरा आला, कानातल्याची फिरकी आली, शेंगदाण्याची टरफलं आली, आणि एवढी धूळ आली की डबा काळा झाला. सगळ्या नुसत्या डब्याकडे बघत होत्या.

"कालच पाहुणे येऊन गेले," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सोफ्याखाली बसले होते का?" भाजीवालीने विचारलं.

त्या दिवसापासून गटात एक नवीन पद्धत सुरू झाली. मशीन यायच्या आधी प्रत्येक जण घर झाडून काढायची. साधंसुधं नाही, सोफा-कपाट हलवून, दिवाळीसारखं. मग स्वच्छ फरशीवर मशीन फिरवायची, रिकामा डबा पुढच्या घरी न्यायची आणि म्हणायची, "आमच्याकडे काही निघतच नाही." पूर्वी एकदा झाडणाऱ्या बायका आता दोनदा झाडायला लागल्या. वर डबा धुवायचा, जाळी उन्हात सुकवायची, हे वेगळं. मशीनमुळे काम किती सोपं झालं, हे मात्र प्रत्येक मीटिंगला सांगायच्या. शेजारचीने एकदा विचारलं, दिवेलागणीनंतर मशीन चालवलं तर चालतं का? अध्यक्षबाई म्हणाल्या, "चालतं, ते लाइटवर आहे." असे निर्णय त्या पटकन देतात.

माझा वार शनिवार. मशीन यायचं तेव्हा बॅटरीचा एकच ठिपका पेटलेला असायचा. दुसऱ्याच्या वारासाठी आपलं लाइट बिल कोण वाढवणार? मी चार तास चार्ज करायची. मग ते वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. तेवढी मिनिटं मात्र मी राणीसारखी ताठ उभी राहून घर झाडायची. उरलेले सहा दिवस हे पलंगाखाली धूळ नेत होते, ती सगळी शनिवारी बाहेर यायची. आणि इथेच माझं चुकलं. मशीनच्या आधी झाडून घ्यायला मला वाकता येत नव्हतं. त्यामुळे अख्ख्या गटात डब्यात धूळ निघणारं घर एकटं माझं. डबा मी रिकामा करायची, पण कडेला मातीचा पट्टा राहायचाच.

रविवारी मशीन शेजारचीकडे जायचं. ती डबा उजेडात धरून म्हणायची, "अगं बाई काकू, तुमच्याकडे केवढी घाण निघते!" एकदा विहाराच्या ओट्यावर चार बायकांसमोर म्हणाली. मला उत्तर येत होतं. ते मी वाटभर मनातल्या मनात देत राहिले. घरी येऊन मी भाजी करपवली.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, हे मशीन लवकरात लवकर सोडवायचं. पाचशेचा हप्ता मी हजाराचा केला. साड्यांना फॉल-बिडिंगचं काम वाढवून घेतलं. लग्नसराईत रोज आठ-आठ साड्या केल्या. कमरेला आराम मिळावा म्हणून मशीन घेतलं, आणि ते घरी राहावं म्हणून शिलाईच्या मशीनवर बसून कंबर मोडून घेतली. हे म्हणाले, "एवढे कष्ट करण्यापेक्षा झाडू सोपा होता." मी म्हटलं, "तुम्ही पाय वर घ्या." शनिवार होता.

दहाव्या महिन्यात शेवटचे हजार रुपये आणि व्याज घेऊन मी मीटिंगला गेले. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजले. मग म्हणाल्या, "झालं बाई वहिनी, आता मशीन तुमचं. पण उद्या सोमवार आहे, माझ्याकडे पाहुणे यायचेत. तेवढं उद्याच्या दिवस…"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी नेहमी "बरं" म्हणते. त्या दिवशीही तोंड "बरं"साठीच उघडलं होतं.

"तुम्ही आधी झाडूनच घेणार ना?" मी म्हटलं. "मग मशीन कशाला लागतंय?"

आधी भाजीवाली हसली. मग हिशोबवाली पोरगी, मग शेजारची, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने, अध्यक्षबाई. हसता हसता भाजीवाली म्हणाली, "मी तर आदल्या रात्री लादी पण पुसायची गं." मग एकेक जण कबूल करायला लागली. मी कानापर्यंत लाल झाले होते आणि चहाच्या कपात बघत होते.

हिशोबवालीने वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावापुढे तिने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, मुद्दल आणि व्याज, सर्व जमा, बाकी काही नाही. मी खाली सही केली. ती नेहमीप्रमाणे रेषेच्या बाहेर गेली, पण कर्ज पूर्ण फिटलं.