डॉक्टर कांगास, वय बावन्न

रोलंड कांगासला वेळच्या वेळी तोंड बंद ठेवता आलं असतं, तर तो डॉक्टर झालाच नसता. हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. आमच्या पाइन स्पर गावात त्यावर कुणी वाद घालत नाही.

गावच्या शाळेत चोवीस वर्षं तो व्यायामशिक्षक होता आणि बर्फावरच्या हॉकीच्या पोरांचा कोच. मग शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. तिथे व्यायामशिक्षक आधीच होता, शिवाय तरुण होता. सेहेचाळिसाव्या वर्षी रोलंड घरी बसला. त्याच हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने फिजिओथेरपी चालली. एका शनिवारी सौनात, म्हणजे गावच्या वाफेच्या खोलीत, घाम गाळत असताना तो मेहुण्याला म्हणाला, "ती फिजिओथेरपीवाली पोरगी दहापर्यंत आकडे मोजते आणि तिला लोक डॉक्टर म्हणतात. मी चोवीस वर्षं शिटी वाजवून तेच केलं."

मेहुणा लायल तापल्या दगडांवर पाणी ओतत होता. मागे वळून न बघता तो म्हणाला, "मग तूही घे की ती पदवी."

"मनात आणलं तर घेईन."

"कधी आणतोस मनात?"

सौनात आणखी चौघं होते. रविवारी चर्चमधल्या कॉफीला लायलने ही बातमी पक्की करून वाटली. सोमवारी टपालवाल्या बाईने रोलंडचं अभिनंदन केलं. मंगळवारी सकाळी त्याच्या नाश्त्याच्या ताटाशेजारी फिजिओथेरपीच्या डॉक्टरकीच्या प्रवेशाचे नियम छापून ठेवलेले होते, नऊ पानं. त्याची बायको बर्निस वाचनालयात काम करते. कुणी काही विचारलं की छापील उत्तर देणं तिच्या अंगवळणी पडलंय.

"तुझ्याकडे यातलं काय काय आहे ते सांग," ती म्हणाली. "मी खुणा करते."

आधीची चार वर्षांची पदवी हवी होती. ती होती. त्या पदवीत बऱ्यापैकी गुण हवे होते. ते नव्हते, कारण ती चार वर्षं त्याने बर्फावर काढली होती. शरीररचना, शरीरक्रिया, पदार्थविज्ञानाची दोन सत्रं, रसायनाची दोन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, आणि हे सगळं गेल्या दहा वर्षांत शिकलेलं असावं. रोलंडचं जीवशास्त्र तीस वर्षांपूर्वीचं, आणि त्यातलाही फक्त बेडूक आठवत होता. दवाखान्यात बसून निरीक्षणाचे शंभर तास. तीन शिफारसपत्रं. शेवटी एक निबंध, मला हे का व्हायचंय.

बर्निसने एकच खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवली. "निबंधात लायलचं नाव घालू नकोस," ती म्हणाली.

सप्टेंबरात तो तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या वर्गात जाऊन बसला. शिकवायला आली टेस नुर्मी. पंधरा वर्षांपूर्वी ही टेस त्याच्या तासाला दोरावर अर्ध्यात लटकून रडली होती, आणि त्याने तिला काठावर पास केलं होतं. तिने हजेरी घेतली, त्याच्या नावाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. पहिल्या चाचणीत त्याला शंभरपैकी एकेचाळीस पडले.

तास संपल्यावर तो तिच्या टेबलापाशी गेला. "टेस, म्हणजे मॅडम, मी हे सोडून द्यावं का?"

"कोच, तुम्ही मला सांगायचात, हातांनी नाही, मनाने चढ." ती पेपर उलटून बघत होती. "तरफेची गणितं मनाने सुटत नाहीत. गुरुवारी तीन वाजता या. आणि चाकांचे नट सोडवायचा पाना घेऊन या."

तो पाना घेऊन गेला. लांब दांड्याला जोर कमी का लागतो, हे हिवाळी टायर बदलताना त्याने हजारदा अनुभवलं होतं. विचार एकदाही केला नव्हता. त्या वर्षी दर गुरुवारी टेसने त्याला शिकवलं. दोराबद्दल त्याने माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "मी अजूनही चढू शकत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही."

निरीक्षणाचे तास त्याने वृद्धाश्रमात काढायचे ठरवले. तिथली थेरपिस्ट ऑड्रे बेलांजे. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "बघायचं. बोलायचं नाही." हे त्याने जवळपास तीन तास पाळलं. मग व्हर्ना सालो नावाच्या आजी दोन दांड्यांच्या मधून चालत होत्या. सहाव्या पावलावर त्या थांबल्या, आणि रोलंडच्या तोंडून चोवीस वर्षांची सवय बाहेर पडली. "अजून एक! थकायला नंतर वेळ आहे!"

आजी खुर्चीत बसल्या. "हा माणूस कोण आहे?" त्यांनी ऑड्रेला विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी चाकाची खुर्ची खोलीकडे वळवून घेतली. पुढचे तीन दिवस त्या व्यायामाला आल्या नाहीत.

ऑड्रे ओरडली असती तर रोलंडला बरं वाटलं असतं. तिने त्याला टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "त्यांच्या पायात कळ आली होती. तोंडाकडे बघितलं असतंस तर कळलं असतं."

घड्या घालता घालता तो बघायला शिकला. अर्धांगवायू झालेले पेरुशेक नावाचे एक खाणकामगार खुर्चीतून उठत. ऑड्रे समोर बसून राहायची. मिनिट जायचं, दुसरं जायचं. तिसऱ्या मिनिटाला रोलंड तोंडात पेपरमिंटची गोळी टाकायचा, जिभेला काहीतरी उद्योग हवा म्हणून. आणि मग पेरुशेक उठायचे, आपले आपण. किती पोरांना आपण हे तिसरं मिनिट दिलं नसेल, याचा हिशोब त्याने मांडायला घेतला आणि लवकरच सोडून दिला.

पहिल्या वर्षी नकार आला. निबंध हॉकीवर होता. नकाराचं पत्र वाचून झाल्यावर बर्निसने तो निबंध मागितला आणि 'नेतृत्व' हा शब्द अकरा वेळा आलाय असं मोजून सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्याने व्हर्ना आजींवर लिहिलं. काय केलं, काय चुकलं, एवढंच.

या वेळी मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन प्राध्यापक होते. त्यातल्या एकीने सरळ विचारलं, "एकोणपन्नासाव्या वर्षी तुम्हाला जागा का द्यावी?"

"बाकीच्या उमेदवारांना अजून चुका करायच्या आहेत," रोलंड म्हणाला. "माझ्या बऱ्याचशा उरकल्यात."

त्याला वाटलं, आपण मोठं हुशार उत्तर दिलं. कुणी हसलं नाही. नाव प्रतीक्षायादीत लागलं, सातवं. मे महिन्याच्या शेवटी जागा मिळाल्याचा फोन आला, तेव्हा तो तळ्याकाठी मासे साफ करत होता. दोन्ही हात खवल्यांनी भरलेले, म्हणून बर्निसने फोन त्याच्या कानाशी धरला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "कुणीतरी सहा जण शहाणे निघाले."

तीन वर्षं शहरात खोली घेऊन राहायचं होतं. पहिला उन्हाळा शरीररचनेचा. दान केलेल्या देहांपुढे उभं राहून स्नायूचा उगम, शेवट आणि त्याला जाणारी नस पाठ करायची. आपल्या टेबलावरच्या त्या वृद्धाला तो रोज मनातल्या मनात नमस्कार करायचा. त्या माणसाला आपल्यापेक्षा बरा विद्यार्थी मिळायला हवा होता, असं त्याला वाटे. वर्गातली तेविशीची पोरं त्याला आधी 'सर' म्हणायची. पहिल्या परीक्षेचे गुण लागले तेव्हापासून 'रोली' म्हणू लागली.

दुसऱ्या सत्रात हालचालींचं शास्त्र आलं. प्राध्यापकांनी पडद्यावर एक चित्र लावलं. माणूस वाकून, झोके देत पायाचे अंगठे धरतोय. "हे कुणालाही कधीही करायला लावू नका," ते म्हणाले. रोलंडने चोवीस वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, सबंध गावाला हेच करायला लावलं होतं. त्याने वहीत लिहून घेतलं.

मग मेंदू आणि नसा, हृदय आणि फुप्फुसं, लहान मुलं, औषधांची ओळख, शोधनिबंध कसा वाचायचा, रुग्णाशी कसं बोलायचं. शेवटच्या विषयात तो सगळ्यात मागे होता. चाकाच्या खुर्चीतून पलंगावर हलवायच्या परीक्षेत प्राध्यापिकाबाई स्वतः रुग्ण झाल्या होत्या. रोलंडने त्यांना नाव विचारलं, दुखतंय का विचारलं, छान हसून दाखवलं आणि ब्रेक लावायला विसरला. खुर्ची मागे सरकत दारापर्यंत गेली. बाईंनी तिथूनच सांगितलं, "पुढच्या आठवड्यात परत या."

तो परत गेला. तिसऱ्या वर्षी चार ठिकाणी मिळून छत्तीस आठवडे प्रत्यक्ष काम केलं. परवान्याची परीक्षा पहिल्यांदा थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा पास झाला. पदवीदानाला लायल आला होता. कोटाची बटणं लागत नव्हती. "आता तुला डॉक्टर म्हणावं लागणार का?" त्याने विचारलं.

"नको," रोलंड म्हणाला. "मलाच हसू येईल."

आता तो काउंटीच्या छोट्या इस्पितळात असतो. गेल्या उन्हाळ्यात हेल्मी राउटिओ नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई आल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. काय जमायला हवंय, असं त्याने विचारलं. घरामागच्या चौदा पायऱ्या उतरून तळ्यावरच्या धक्क्यावर बसायचंय, म्हणाल्या. सात आठवडे लागले. शेवटी तो त्यांच्या घरी गेला, त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरून पायरीपायरीने मागून उतरला. त्यांनी आठव्या पायरीवर चांगला तीन मिनिटं विसावा घेतला. त्याने तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. धक्क्यावर खुर्ची मांडलेली होती. त्या सावकाश बसल्या. ठीक आहात ना, हे बघायला तो त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"ठीक आहे मी," बाई म्हणाल्या. "जरा बाजूला हो. मला तळं दिसत नाहीये."