डांगरमावशी आणि डभोईची साळ

कुणाशीही बोलता बोलता मावशी पिशवीतून भाताचा एक दाणा काढायच्या आणि दाढेखाली धरायच्या. कट् असा आवाज झाला की मान हलवायच्या. नाही झाला, तर समोर शेतकरी असो की व्यापारी, शांतपणे म्हणायच्या, "अजून दोन उन्हं द्या." सारी नोकरी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेली, पण भाताच्या बाबतीत त्यांचा भरवसा दाढेवरच होता.

सालीसकट भाताला गुजरातीत डांगर म्हणतात. त्यावरून बडोद्यात आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत त्यांचं नाव डांगरमावशी पडलं. पुण्याहून आलेल्या माझ्या जावेला वाटलं, या बाई भोपळे विकतात. मावशींनी तिचा गैरसमज दूर केला नाही. "भोपळे विकणं सोपं असतं," एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या डभोईकडच्या एका गावात जुन्या सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेल्या आणि तिथला भात खाऊन आल्या. आखूड दाणा, मऊ शिजणारा, वास अंगणापर्यंत. पण ती साळ चार-पाच घरं फक्त स्वतःच्या खाण्यापुरती करायची, विकायला दुसरी. बडोद्यापासून तासाभरावर हे पिकतं आणि बडोद्यात कुणाला ठाऊक नाही, हे मावशींना स्वस्थ बसू देईना. माझ्याकडे गाडी होती आणि मी शिकवत होते ती शाळा शनिवारी सकाळचीच असायची, म्हणून मीही त्यात ओढली गेले.

पिकवायला त्या घरांतले रमणभाई आणि आणखी तिघे तयार झाले. खरी दमछाक पुढे होती. तिकडच्या जयंतीभाईंच्या जुन्या भाताच्या मिलमध्ये एरवी लांब दाण्याचा भात भरडला जायचा. आमच्या थोड्याशा पोत्यांसाठी ते यंत्र साफ करायचे नाहीत, आणि आमच्या तांदळात दुसराच तांदूळ मिसळायचा. मावशी भांडल्या नाहीत. डबा घेऊन जायच्या, यंत्राशेजारी स्टूल टाकून दिवसभर बसायच्या आणि आधीचा तांदूळ मिसळलेला आपला पहिला घाणा बाजूला काढून ठेवायला लावायच्या. तिसऱ्या खेपेला जयंतीभाई स्वतःच यंत्र झाडून त्यांची वाट पाहत होते.

पहिल्या वर्षी रस्त्यावर पसरलेला भात जास्तच वाळला आणि भरडताना निम्म्याची कणी झाली. ती मावशींनी बडोद्याच्या वाडी भागात पापड करणाऱ्या शारदाबेनना नेऊन दिली. त्या कणीच्या पिठाचे पापड असे फुलले, की शारदाबेन दर आठवड्याला विचारू लागल्या. सोसायटीत लोकांनी घेतलेला अख्खा तांदूळ मात्र घराघरात पडून राहिला. पाहुण्यांना मोकळा भात लागतो, हा मऊ होतो, अशी सगळ्यांची तक्रार. मावशी पातेलंभर भात शिजवून, वर तूप घालून दारोदार चव द्यायच्या. लोक आवडीने खायचे आणि दुकानातून लांब तांदूळ आणायचे. जिना उतरताना त्या एकदा म्हणाल्या, "मी चांगला तांदूळ करायला निघाले, आणि माझा चुराच खपतोय." हसल्या, पण कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

तरी तीन वर्षं गाडं चाललं. मग जयंतीभाईंनी मिल बंद केली. मुलांना त्यात रस नव्हता आणि जागेला गोदामासाठी गिऱ्हाईक आलं होतं. दुसरी मोठी मिल ट्रकभर मालाशिवाय दारात उभं करीना. घरगुती यंत्र आणून पाहिलं. त्यातून कणीपेक्षा पीठच जास्त निघालं. त्यातच कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि ही उंच साळ शेतात आडवी झाली.

रमणभाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि खाली बघत म्हणाले, "बेन, खोटुं न लगाडता, आ वरसे बीजी डांगर करवी छे." वाईट वाटून घेऊ नका, पण यंदा दुसरी साळ लावायची आहे, असं. मन वळवण्यासाठी मावशींकडे मुद्दे होते; मला ते पाठ होते. त्यांतला एकही त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, त्यांचं घर आधी, त्यांनी खुशाल दुसरा भात लावावा. परतताना अर्ध्या वाटेवर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "थकले गं मी." मीही थकले होते.

त्यानंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना इंदूरला घेऊन गेली. निघताना मला म्हणाल्या, "शारदाबेनना सांग, की आता कणी नाही. उगीच आशेवर ठेवू नकोस." मी सांगितलं. तरी दिवाळी झाली की शारदाबेनचा फोन यायचाच, आणि दर वेळी मी नाही म्हणायची.

यंदा माझ्याने नाही म्हणवलं नाही. रमणभाईंकडे गेले. घरामागच्या तुकड्यात त्यांनी खाण्यापुरती ती साळ अजून राखली होती. दोन पोती देतो म्हणाले, पण भरडणार कुठे? मी चार गावं फिरले, गाडी चालवून पाठ धरली, आणि शेवटी एक छोटी मिल सापडली.

मावशींना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "यंत्रावर मालक स्वतः बसतो, की माणूस ठेवलाय?"

"स्वतः बसतो," मी म्हटलं.

"मग शनिवारी जा. आणि स्टूल घरून ने, तिथे कुणी देत नाही."