“आज घरी सोडणार नाही”

डॉ. शरयूताईंची आणि माझी पहिली भेट धावपळीतच झाली. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. भिवंडीतल्या त्यांच्या दवाखान्यात परिचारिका हवी आहे असे कळले, म्हणून मी गेले होते. नाव सांगते न सांगते तोच दारात टांगा थांबला. शेलार गावच्या जनीबाईंना त्यांचे यजमान पांडूभाऊ उचलून आत घेऊन आले. भाताचे भारे बांधताना गांधीलमाशी चावली होती. चेहरा सुजलेला, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घरघरत होता, डोळे मिटत चालले होते.

पांडूभाऊ त्यांना बसते करू लागले. “बसवू नका, चक्कर वाढेल. आडवं झोपवा,” ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, “उभ्या काय राहिलात? पाय वर धरा त्यांचे.” मी पाय धरले. ताईंनी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन मांडीत दिले आणि नाडीवरचे बोट हलू दिले नाही. हळूहळू घरघर उतरली. जनीबाईंनी पाणी मागितले. माझी मुलाखत ती एवढीच!

दुपारी जनीबाई हसूबोलू लागल्या, तसे पांडूभाऊ उठले. “बरी हाय ना आता? न्हेतो घरी. भात उघड्यावर पडलाय.”

“आज घरी सोडणार नाही. हा त्रास ओसरून पुन्हा उसळू शकतो.”

“बाई, ती चांगली बोलते हाय! उगा कशाला?”

“माझ्यावर रागवा हवं तर. त्यांना नेऊ नका.”

पांडूभाऊ खरोखरच रागावले, पाठ फिरवून ओट्यावर जाऊन बसले. ताईंनी त्यांना स्वतःच्या घरचा चहा पाठवला. दिवे लागायच्या सुमारास जनीबाईंचा घसा पुन्हा आवळला, ओठ काळवंडले. ताई खाटेशेजारीच होत्या. दुसरे इंजेक्शन लगेच गेले. श्वास परत सुरळीत झाला, तेव्हा दारात उभे असलेले पांडूभाऊ ओल्या आवाजात एवढेच म्हणाले, “वाटंत असतो तर…”

ताईंनी त्यांना एका शब्दानेही टोचले नाही. पुढे मात्र त्या शेलारला, खारबावला जाऊन बायकांना सांगत राहिल्या : माशी चावल्यावर तोंड सुजले, दम लागला, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, आडवे निजवून थेट घेऊन या.

माझ्या बाळंतपणात माझी ड्युटी त्यांनीच केली. सिरिंजा उकळण्यापासून लादी पुसण्यापर्यंत! मी परतले तेव्हा म्हणाल्या, “तुमच्यासारखी लादी मला जमत नाही, लवकर या म्हणत होते.” असे ऋण मी आनंदाने बाळगते.

ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. त्यांच्यावर लिहिते आहे असे जनीबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माजं आयुष्य तेंना लागू दे, असं न्हाय म्हणत मी. ते तेंनीच दिलंय, तेच परत कसं देऊ? देवानं तेंना येगळं द्यावं, भरपूर द्यावं.”