इंजिन चालूच राहिलं

कोंबड्यांचा ट्रक उलटला की आधी वास येतो, ट्रक मागाहून दिसतो. त्या सकाळी शीळफाट्याच्या बऱ्याच अलीकडे, जिथून गाड्यांची रांग सुरू झाली होती तिथेच आमच्या ऑपरेटरने नाकाला रुमाल बांधला. "काका, आज दोनदा अंघोळ," तो म्हणाला. मी हसलो. मे महिना होता, दहा वाजले होते आणि ऊन आतापासूनच अंगाला चिकटत होतं.

मी क्रेनवर खलाशी आहे. उलटलेल्या गाडीला पट्टे आणि साखळ्या बांधणाऱ्याला आमच्या धंद्यात खलाशी म्हणतात, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. आमचं गॅरेज कल्याण-शीळ रस्त्यावर आहे. फोन आला की निघायचं. ताटावरून उठून गेलोय, मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमातून उठून गेलोय. वीसेक वर्षांत या पट्ट्यात काय काय उलटलेलं पाहिलं त्याची यादी केली तर एखादं वाण्याचं दुकान भरेल. तेलाचे डबे, टोमॅटो, साबण, शाळेच्या वह्या, एकदा तर देवाच्या तसबिरी. आणि प्रत्येक वेळी माणसं धावत येतात आणि उचलायला लागतात. घोडबंदर रोडला एसी गाडीतून उतरून साबणाच्या वड्या ओढणीत गोळा करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मला त्यांची किळस यायची. तरी आमच्या न्हाणीघरात ज्या निळ्या टाइल्स आहेत त्या माजिवड्याला उलटलेल्या ट्रकमधल्या आहेत. बायकोला मी सांगितलं होतं, शेठने दिल्या.

मला हे काम शिकवलं ते आमच्या जुन्या वस्तादांनी. ते आता नाहीत. त्यांचा एक नियम होता. पट्टा लावण्याआधी क्रेनचं इंजिन बंद करायचं, गर्दीला गप्प करायचं, गाडीच्या केबिनवर पान्याने तीन ठोके द्यायचे आणि मोठ्याने विचारायचं, "कोणी आहे का?" मग वीस आकडे मोजेपर्यंत ऐकायचं. ट्रॅफिकवाले शिव्या घालायचे, मागून हॉर्न वाजायचे, वस्ताद ढिम्म हलायचे नाहीत. मी म्हटलं होतं एकदा, "वस्ताद, ड्रायव्हर तर पळाला. सगळे सांगतायत." ते म्हणाले, "पळालेला सगळ्यांना दिसतो. अडकलेला कोणाला दिसत नाही. तू मोज."

ड्रायव्हर पळतातच. थांबला तर लोक मारतात, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे 'ड्रायव्हर पळाला' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, चहा सांगितल्यासारखं. वस्ताद गेल्यावरही मी बरीच वर्षं ठोके देत होतो. मग वीसचे दहा झाले, दहाचे पाच झाले. कधी नुसताच पाना मारायचो आणि पट्टा उचलायचो. इंजिन बंद करायचं तर मी कधीच सोडून दिलं होतं.

ट्रक डाव्या अंगावर पडला होता. वरचे जाळीचे पिंजरे फुटून केबिनच्या पुढ्यात ढीग झाला होता आणि त्यात शेकडो पांढऱ्या कोंबड्या एकमेकींवर पडून किंचाळत होत्या. काही मेलेल्या, काही अर्ध्या चेंगरलेल्या, पाय हलत असलेल्या. रस्त्यावर विष्ठा, रक्त आणि पिसं यांचा एक चिखल झाला होता आणि त्यावरून माणसं घसरत होती, पडत होती, उठून पुन्हा वाकत होती. एका रिक्षावाल्याने मागची सीट भरून टाकली होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेला एक माणूस दोन कोंबड्या पायांना धरून अंगापासून लांब ठेवत डिकीकडे चालला होता, कपड्यांना डाग लागू नये म्हणून. एक म्हातारी ओरडत होती, "अरे जित्या घ्या, मेलेल्या घेऊ नका, इख बाधंल!" जणू काय ती बाजारच लावून बसली होती.

हवालदार घामाने भिजला होता. "उचला रे लवकर! मुंब्र्यापर्यंत लाइन लागलीये, साहेबांचे फोन येतायत."

"ड्रायव्हर?" मी विचारलं.

"पळाला."

"आणि क्लीनर?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दोघंही पळाले. मी पाहिलं ना, एक त्या बाजूला गेला, एक ह्या बाजूला."

दुसरा पळालेला माणूस कोण होता याचा मी पुढे खूप विचार केला. बहुतेक कोंबड्या घेऊन पळणाराच कोणीतरी असणार.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. ठोके देण्यासाठी मी पाना काढला होता. तेवढ्यात ऑपरेटर क्रेनवरून ओरडला, "काका, ती बघा, चार धडधाकट आहेत पायाशी. टाका इकडे, संपतील!" मी पाना खिशात घातला. कोंबड्या धरल्या, सुतळीने त्यांचे पाय बांधले आणि वर त्याच्या केबिनमध्ये दिल्या. हात बरबटले होते ते पॅन्टला पुसले. मग पट्टा घेतला आणि थेट मागच्या चाकांकडे गेलो, कारण ट्रक मागून उचलून कडेला फिरवला की रस्ता सर्वांत लवकर मोकळा होतो. मी केबिनपुढच्या त्या ढिगाकडे गेलो नाही. हाक मारली नाही. इंजिन चालूच राहिलं.

मागचा भाग हातभर उचलला गेला तसा सगळा भार पुढे केबिनवर आला. तेव्हा एक बाई किंचाळली. ती कोंबड्यांसाठीच त्या ढिगात वाकली होती. "थांबवा! अवो थांबवा! मानूस हाय खाली!"

क्लीनर होता. पुढच्या काचेतून बाहेर फेकला गेला होता आणि पिंजरे त्याच्यावर आले होते. पाय केबिनच्या पत्र्याखाली. आम्ही मागून उचलेपर्यंत तो पाय नुसता अडकलेला होता. पुढून उचललं असतं तर निघाला असता. चाळिशीतला माणूस, तोंडाला पिसं चिकटलेली, ओठ हलत होते. कोंबड्यांच्या आणि इंजिनच्या आवाजात तो काय म्हणतोय ते एवढ्या जवळूनही ऐकू येत नव्हतं. शेवटी ऑपरेटरने इंजिन बंद केलं आणि मग ऐकू आलं. त्या बाईने हातातली कोंबडी सोडून दिली होती आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर पंचनामा झाला. हवालदाराने विचारलं, "बघितलं नव्हतं काय उचलायच्या आधी?" आमचे शेठ तोवर पोहोचले होते. ते माझ्याआधीच बोलले, "आमची माणसं हाक मारल्याशिवाय पट्टा लावत नाहीत, साहेब. विचारा कोणालाही." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हाक मारली होती. इंजिन बंद करून. उत्तर आलं नाही."

ते लिहिलं गेलं. मी सही केली. पेनाला माझ्या बोटांची घाण लागली म्हणून हवालदाराने ते कागदाला पुसून घेतलं.

संध्याकाळी दोन कोंबड्या माझ्या वाट्याला आल्या. घरी नेल्या. बायकोने रस्सा केला, मुलीने दोनदा वाढून घेतला, मीही जेवलो. चव चांगली होती. हे लिहिताना हात थांबतो, पण ते झालं तसं झालं.

आठवड्याने ऑपरेटरने गॅरेजवर बातमी आणली. "काका, त्या क्लीनरचा पाय काढला म्हणे गुडघ्यापासून. आणि डोक्यावरपण परिणाम झालाय."

"म्हणजे?"

"सारखं एकच बडबडतो. मी ओरडत होतो, कोणी हाक मारलीच नाही, मशीन बंद केलंच नाही. त्याचा ट्रकमालक सांगत फिरतोय, प्यायलेला होता, शुद्धीत नव्हता, उगाच काहीतरी बोलतो. कागदावर तसंच आहे ना, उत्तर आलं नाही म्हणून." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपल्याला काय. तुम्ही चहा घ्या."

तेव्हा मला कळलं की मी नुसता खोटं बोललो नव्हतो. माझ्या सहीने त्या माणसाला खोटं पाडलं होतं. पाय गेला तो गेलाच, पण त्याने जे स्वतःच्या घशाने केलं होतं, तेही मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं. वस्ताद असते तर त्यांनी मला मारलं नसतं. माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं, एवढंच.

त्यानंतर पाच दिवस मी रोज, त्याला ठेवलं होतं त्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. सहाव्या दिवशी आत गेलो.

वॉर्डात फिनेल आणि जुन्या जखमांचा वास होता. तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. बायको पायाशी बसून संत्रं सोलत होती, तिचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. माणसं संगमनेरकडची होती. त्याने मला ओळखलं नाही.

"कोन म्हनायचं?" बाईने विचारलं.

"मी क्रेनवरचा," मी म्हणालो. "पट्टा मी बांधला होता."

तिने संत्रं खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी वरडत व्हतो, दादा."

"हो."

"लई वरडलो. घसा बसला माझा. हे म्हनत्यात मला भास झाला."

"भास नाही झाला. मी हाक मारलीच नव्हती. इंजिनही बंद केलं नव्हतं. पोलिसांना मी खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून माझ्याकडे बघू लागला.

"मंग काय करत व्हता?" क्लीनरने विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. कोंबड्या बांधत होतो म्हणून सांगितलं.

त्याने डोळे मिटले. बाई उठली. मला वाटलं, आता ही मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि बहुतेक त्याच आशेने मी तिथे गेलो होतो. पण तिने भावाकडे वळून विचारलं, "आयकलं का तू?"

"आयकलं."

"ट्रकच्या मालकाला सांगितलं तर तो म्हनंल, बाई मानूस रचून सांगती." मग ती मला म्हणाली, "चौकीत जायचं. आत्ता. हा येतो तुमच्यासंगं. जे हितं बोलला ते तितं बोलायचं, आन लिहून द्यायचं."

"शेठ मला काढून टाकतील," माझ्या तोंडून निघून गेलं. बोलल्याबरोबर माझी मलाच शिसारी आली.

ती खाटेकडे बघत राहिली, चादर जिथे अचानक सपाट होत होती तिथे.

मी आणि तिचा भाऊ रिक्षाने चौकीत गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. "खाल्ल्या का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

चौकीत तोच हवालदार होता. "कशाला उकरून काढता राव, मिटलंय ना," तो म्हणाला. मी म्हटलं, लिहून घ्या. त्याने साहेबांना विचारलं, मग कंटाळून कागद ओढला. मी पहिल्यापासून सांगितलं. कोंबड्यांपाशी आलो तेव्हा त्याने पेन थांबवलं. "हे नको घ्यायला, एवढं कशाला," तो म्हणाला. माझी लाज वाचवायला म्हणाला असेल, किंवा त्या दिवशी त्यानेही घेतल्या असतील. त्या बाईच्या भावाने माझ्याकडे पाहिलं.

"घ्या," मी म्हणालो. "तेही लिहा."