चाकांची शेकोटी

आमच्या कळंब्याकडच्या गल्लीत थंडीत रोज सकाळी कोपऱ्यावर शेकोटी पेटायची. तिचा एक नियम आहे, रिकाम्या हातानं यायचं नाही. उसाचं वाळकं पाचट, नारळाची सोडणं, मोडक्या खुर्चीचा पाय, काहीही चालतं. पण आपला वाटा आगीत टाकायचा आणि मगच जागा धरायची. बायको गेल्यापासून मी तिथं न चुकता जात होतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं तेवढीच. निवृत्त मास्तराकडं कोण फिरकतंय?

गेल्या हिवाळ्यात खोकला हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि धूर बंद म्हणून सांगितलं. मी आयुष्यात विडी ओढली नाही हे त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, शेकोटी म्हणजेसुद्धा धूरच. बंगळुरूच्या लेकीला हे कळायचा अवकाश, घरी गॅसचा हीटर हजर. लहान तिजोरीएवढा, पाठीत सिलिंडर, पायाला चाकं. हीटर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवायचीच, असं तिनं फोनवरून बजावलं. म्हणजे थंडी घालवायला यंत्र आणायचं आणि तिलाच खिडकीतून आत बोलवायचं. पण ऐकलं. जिवाशी खेळ नको.

त्या फटीतून कोपऱ्यावरच्या गप्पा ऐकू यायच्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराचं लग्न ठरेना, नळाला पाणी कधी येणार. मध्येच सगळे हसायचे आणि का हसले ते मला कळायचं नाही. हीटरसमोर गुडघे तापायचे आणि पाठ गारच राहायची. हळूहळू मी त्याच्याशीच बोलायला लागलो. एकदा तर चहा घेणार का म्हणून विचारलं, आणि मग माझी मलाच भीती वाटली.

शेवटी डोक्यात आलं, वाटाच न्यायचा ना, मग हाच नेऊ. एका सकाळी शाल गुंडाळली आणि हीटर ढकलत निघालो. खडीवरून चाकं खडखडत होती, माणसं माना वळवून बघत होती. आमचा दूधवाला, जो शेकोटीचा कारभारीही आहे, तो उठून हात लावायला आला. माझा वाटा आणलाय म्हटल्यावर सगळे हसले. त्या हसण्यात या वेळी मीही होतो. फार बरं वाटलं.

पण पुढचं मी हिशेबात धरलं नव्हतं. सरांना धूर चालत नाही म्हणत दूधवाल्यानं शेकोटीवर पाणी ओतलं. मी नको नको म्हणेपर्यंत निखारे विझले. मग सगळे हीटरसमोर बसले. त्यात टाकायला काही नाही, उकरायला काही नाही. मागून पाचट घेऊन आलेल्या एकानं ते बाजूला ठेवलं आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. ऊब एकाच बाजूला, त्यामुळं गोल काही जमेना. टीव्ही बघायला बसल्यासारखे सगळे रांगेत, आणि जो तो माझ्या तब्येतीची चौकशी करतोय. म्हैस नाही, लग्न नाही, चेष्टा नाही. थोड्या वेळानं एकाला धारा काढायची आठवण झाली, दुसऱ्याला अंघोळीच्या पाण्याची. जाताना प्रत्येकानं हीटरचं कौतुक केलं. पाहुणा म्हणून गेल्यावर करतात तसं.

दुसऱ्या सकाळी कोपऱ्यावर कुणी नव्हतं. त्यानंतरही नाही. दूध घालायला आला तेव्हा दूधवाल्याला विचारलं, यंदा शेकोटी बंद केली काय.

"बंद कशाला? आता तळ्याकडच्या वळणावर पेटवतोय, सर. तुमास्नी धुराचा तरास नको म्हनून सगळ्यांनी मिळून ठरीवलं की."

केवढ्या समाधानानं सांगत होता. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तर रागावताही येईना. मला धूर सोसवला असता, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? बरं केलंत म्हणालो आणि दुधाचं पातेलं आत नेलं. इतकी माया करणारी माणसं, आणि त्यांतल्या एकाचाही आवाज आता माझ्या घरापर्यंत येत नाही.