फुलीवाले काका

आम्ही भिलाईच्या सेक्टर दहाची पळणारी मंडळी रविवारी सकाळी पाच किलोमीटर पळतो आणि त्यानंतर टपरीवर दीड तास पोहे खात बसतो. वजन काही कमी होत नाही, किस्से मात्र वाढत जातात. परवा कोणीतरी म्हणालं, "टीचर, हे लिहून ठेवा." मी शाळेत शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. तर ऐका.

सुरुवात बावनकुळे काकांपासूनच करायला हवी. काका भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर काका थेट रेसलाच आले. अंगात टी-शर्ट, खाली पायजमा आणि पायात प्लांटचे सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले ते एकेक किलोचे बूट!

मी म्हटलं, "काका, हे घालून पळणार?"

काकांनी माझ्या पातळशा स्पोर्ट्स शूजकडे काळजीनं पाहिलं. "पोरी, तू हे घालून पयशील? पायावर काई पडलं तं?"

त्या दिवशी काका शेवटी आले. त्यानंतरच्या प्रत्येक रेसमध्येही शेवटीच आले. बूट बदलले, नंबर बदलला नाही.

काकूंना याची भारी मजा वाटायची. काका घरी पोचले की त्या दारातच विचारायच्या, "मागं कोनी होतं का?" पाण्याचा ग्लास त्यानंतर. एकदा काका वैतागून म्हणाले, "होती ना."

"कोन?"

"अँब्युलन्स."

काका हा किस्सा आम्हाला स्वतःच सांगतात आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसतात. पण हसून झालं की चहाच्या कपात बघत एकदा म्हणाले होते, "एकदा तरी तिले सांगाचं हाय, हाव, होतं म्हनून." तेव्हा आमच्यातलं कोणी हसलं नाही.

एकदा तर तसं झालंही होतं. नंदिनी नगरच्या रेसमध्ये काकांनी एकाला मागे टाकलं. चक्क ओव्हरटेक! तिथल्याच एका टपरीवर पोह्यांची ऑर्डर द्यायच्या आधी आम्ही तो प्रसंग तीनदा ऐकला. चौथ्यांदा सांगणं चालू असताना तोच माणूस हातात दुधाची कॅन घेऊन टपरीसमोरून गेला. आमच्याकडे रेसचे फुकट मिळालेले टी-शर्ट लोक वर्षभर घालतात. मागच्या वर्षीच्या टी-शर्टात तो बिचारा दूध आणायला निघाला होता.

काकांनी त्याला कॅनसकट नजरेआड होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "पन चालत जोरात होता बरं तो."

त्याच नंदिनीच्या रेसमध्ये आमच्या पटलेंचा पराक्रम झाला. पटले प्लांटमध्ये ऑपरेटर. त्यांना पळायचं नव्हतं, म्हणून एका वळणावर उभं केलं, रस्ता दाखवायला. रेस संपली, बक्षिसं वाटून झाली, आम्ही भिलाईला परत आलो, जेवलो. दुपारी पटले वहिनींचा फोन आला, "आमचे हे कुठं हायेत?"

पटले वळणावरच होते, उन्हात, हात लांब करून. आम्ही गाडी घेऊन धावलो. मी विचारलं, "भाऊ, घरी कावून नाही गेले?"

पटलेंनी आम्हालाच झापलं. "पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येते का? तुमी कोनाले पाठवलंच नाही."

आता मेश्राम भाऊ. हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड. त्यांचा जन्मच सगळ्यात मागच्या डब्यात गेला आहे, त्यामुळे काकांवर त्यांचा विशेष जीव.

जुनवानीच्या रेसला काका फिनिशपाशी पोचले तेव्हा फिनिश नव्हतंच. आयोजकांपैकी एक जण कापडाची गुंडाळी बगलेत धरून उभा होता. काकांनी धापा टाकत विचारलं, "भाई, फिनिश किधर है?"

त्यानं गुंडाळी दाखवली. "ये रहा, अंकल."

काका त्या गुंडाळीला हात लावून परत आले. मेश्राम भाऊंचा मात्र पारा चढला. "अरे, शेवटचा डबा आला नाही आन् तुमी लाइन क्लीयर कशी करता?" मग त्यांनी आम्हाला समजावलं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठी फुली असते. ती फुली डोळ्यांनी दिसल्याशिवाय स्टेशनवाले गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत. मधे डबे सुटून राहिले असले तर?

पुढच्या रविवारी मेश्राम भाऊ पिवळी पट्टी घेऊन आले आणि काकांच्या टी-शर्टाच्या पाठीवर मोठी फुली टाचून दिली. "आता कोनी फिनिशचं गेट काढलं तं मले सांगा. आन् ज्या दिवशी तुमच्या मागं कोनी येईन ना काका, त्या दिवशी मी सोताच्या हातानं हे काढीन." काका फुली लावून मिरवायचे. पण ती निघावी असं त्यांना किती वाटतंय, ते आम्हाला दिसत होतं.

आणि मग आमच्याच सेक्टरची रेस आली. सेक्टरभोवती एक गोल फेरी, पाच किलोमीटर. गेटपाशी मेश्राम भाऊ, हातात खरी हिरवी झेंडी. शेवटच्या कोपऱ्यावर पटले, या वेळी रिलीव्हरसकट. मी पळून आले आणि गेटपाशीच थांबले, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगायला मला बंदी होती.

सगळे आले. आयोजक गेटची दोरी सोडायला लागले. मेश्राम भाऊ म्हणाले, "हात लावू नका. फुली नाही आली."

तेवढ्यात पटलेंचा फोन आला. "काका आताच गेले इथून. आन् त्यांच्या मागं एक जन हाय. नंबर लावलेला. दूधवाला नाही, म्या नीट पाह्यलं."

मेश्राम भाऊंनी खिशातून कात्री काढली. काका दिसले. इतक्या वेगात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पटलेंनी त्यांनाही सांगितलेलं दिसत होतं, चेहरा नुसता फुलला होता. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो. गेट वीस पावलांवर राहिलं आणि काकांनी मागे वळून पाहिलं.

निळी साडी वर खोचलेली, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, छातीवर नंबर. दोन महिने शाळेच्या मैदानावर मी त्यांची प्रॅक्टिस घेत होते. एकच गोष्ट घोकून घेतली होती, काकू, खाली रस्त्याकडे बघायचं, इकडेतिकडे बघायचं नाही.

काका थांबले.

"काका, या ना!" मेश्राम भाऊ ओरडले. "कावून थांबले?"

काका हलले नाहीत. काकू मान खाली घालून, तोंडानं पावलं मोजत आल्या आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेल्या. काका त्यांच्या मागे लागले. मेश्राम भाऊंनी कात्री खिशात ठेवली आणि झेंडी वर केली.

काकू गेटमधून आत आल्या, माझा हात धरला. श्वास पुरत नव्हता, तरी पहिलं वाक्य तेच.

"टीचर, माह्या मागं कोनी होतं का?"

मी काही बोलायच्या आत पाठीमागून आवाज आला.

"हाव. मी होतो ना."